पाठीच्या खात्यावरचं दुखणं

थोरलीच्या पाठदुखीवर घरातल्या प्रत्येकाचा उपाय करून झाला होता. नवऱ्यानं कमरेला बांधायचा पट्टा आणला. दिरानं एक कडक फळी आणली आणि स्वतः गादीखाली सरकवून दिली. शेजारच्या छापखानेवाल्यानं आपली पाठ कशी बरी झाली ते इतक्या वेळा सांगितलं की ऐकून ऐकून त्याच्या बायकोची पाठ दुखायला लागली. थोरली पट्टा बांधत होती, फळीवर झोपत होती, सगळ्यांना हो म्हणत होती. पाठ तिची ठणठणीत होती.

दुखत होतं ते खाली. योनीच्या तोंडाशी, डाव्या बाजूला तिला गाठ येत असे. आधी वाटाण्याएवढी, काही त्रास न देणारी. मग बघता बघता ती लिंबाएवढी व्हायची, लाल आणि गरम, अंगात ताप भरायचा, आणि थोरली पाय फाकवून चालायला लागायची. मग ती कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन गाठीला चीर देऊन घ्यायची. आतलं सगळं वाहून गेलं की असा आराम पडायचा की दुसऱ्या दिवशी ती कामावर हजर. काही महिन्यांनी गाठही हजर. असं तीनदा झालं. तिन्ही वेळा दवाखानेवाला म्हणाला, बाई, मोठ्या डॉक्टरांना दाखवा, आणि तिन्ही वेळा ही म्हणाली, पुढच्या वेळी. असल्या जागेचं दुखणं चारचौघांत कोणत्या नावानं सांगायचं, हा प्रश्न होता. तिनं ते पाठीच्या खात्यावर टाकलं. पाठ बिचारी तक्रार करत नाही.

शहरभरच्या माणसांच्या बसण्याची सोय या घरातून व्हायची. खाली कारखाना, वर राहणं. बसगाड्यांच्या सीटा, दाढीच्या दुकानातल्या खुर्च्या, साहेबलोकांचे सोफे, सगळ्यांच्या गवसण्या, म्हणजे वरची कव्हरं, इथं शिवली जायची. थोरला कापायचा, धाकटा जागेवर जाऊन बसवून यायचा, थोरली मोठ्या मशीनवर शिवायची आणि तिची जाऊ, धाकटी, तयार माल तपासायची. शिवणीच्या टोकाला जो दोरा लोंबतो त्याला या घरात शेपूट म्हणत. शेपूट दिसलं की माल परत, हा सासूबाईंच्या काळापासूनचा नियम. धाकटीच्या गळ्यात नाडीला बांधलेली एक छोटी कात्री कायम असे, आणि शेपूट दिसलं की तिचा हात डोक्याला न विचारता पुढं जायचा. एकदा एक गिऱ्हाईक भावावरून तावातावानं भांडत असताना तिनं त्याच्या बाहीचं शेपूट कापलं होतं. तो पुढचं भांडण विसरला.

मोठ्या मशीनसमोरची खुर्ची ही या घरातली खरी गादी. तिच्यावर जो बसेल त्याला विचारल्याशिवाय रंग ठरत नाही, माल येत नाही, जेवणाची वेळही ठरत नाही. थोरलीच्या आधी तिथं सासूबाई बसत. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा थोरली, नवी सून, 'आई बऱ्या होईपर्यंत' म्हणून बसली. सासूबाई लवकर बऱ्या झाल्या. पण थोरली रोज सकाळी मोठ्या मायेनं म्हणायची, आई, अजून थोडा आराम करा. सासूबाई आराम करता करता म्हाताऱ्या झाल्या. खुर्ची कशी जाते हे थोरलीला कुणी शिकवायला नको होतं. म्हणूनच चीर देऊन दुसऱ्या दिवशी कामावर, हा उपाय तिला सगळ्यांत स्वस्त वाटत होता.

चौथ्या वेळी गाठ आली ती एका सभागृहाच्या सगळ्या खुर्च्यांचं काम आलं त्याच सुमारास. मरून रेक्झीनच्या थप्प्या छतापर्यंत लागल्या होत्या, आणि थोरली मशीनवर अर्धी बसून, अर्धी उभी राहून शिवत होती. पुरुष माणसं फोम उतरवायला बाहेर गेली तशी धाकटी जवळ आली.

"वहिनी, पाठ दुखतेय ना?"

"हो गं."

"मग एका कुल्ल्यावर का बसता?"

थोरलीनं मशीन थांबवलं. दाराकडं पाहिलं. "हळू बोल."

"हळूच बोलतेय. तुम्ही मशीन बंद केलंत म्हणून मोठ्यानं वाटतंय."

"गाठ आलीय. खाली."

"खाली कुठं?"

"अगं, खाली म्हणजे खाली! तळघरात नव्हे."

धाकटीनं क्षणभर विचार केला आणि मग तिचा चेहरा बदलला. "आधी पण आली होती का? ते कमरेच्या पट्ट्याचं, फळीचं..."

"आली होती. फोडून घेतली."

"आणि परत आली."

"पाहुण्यासारखी आहे मेली. येते, राहते, जाते."

"जाते कुठं? तुम्ही हाकलता, ती नाक्यावर थांबते आणि तुमची पाठ वळली की परत येते. चला. उद्या मोठ्या डॉक्टरकडं. मी येते बरोबर."

थोरली नको म्हणाली, पण ते म्हणत असताना ती खुर्चीला धरून उभी होती, त्यामुळे त्यात फारसा दम नव्हता.

डॉक्टरीणबाई थोरलीपेक्षा वयानं लहान होत्या आणि बोलताना कागदावर चित्रं काढायची त्यांना सवय होती. थोरलीनं आधी मनातलं विचारून घेतलं. "हे अस्वच्छतेनं होतं का हो? मी तर..."

"नाही. तुमचं काही चुकलेलं नाही." त्यांनी दोन ठिपके काढले. "इथं दोन्ही बाजूंना एकेक छोटी ग्रंथी असते. तिचं काम जागा ओलसर ठेवणं. तिची नळी तोंडाशी चोंदली की आतला द्रव साठतो, फुगतो. त्यात जंतू गेले की पू होतो. कुणाचीही नळी चोंदू शकते, राणीची सुद्धा."

"मग दर वेळी चीर दिली तरी येते कशी?"

"चीर भरून येते ना! वाट बुजली, की आत पुन्हा साठणार. तुम्हाला नुसता निचरा नकोय, कायमची वाट हवीय." आणि त्यांनी पर्याय सांगितले. गाठ लहान आणि न दुखणारी असती तर काहीच न करता गरम पाण्यात बसणं पुरलं असतं. आता ते पुरणार नाही. एक उपाय म्हणजे आत बारीक रबरी नळी ठेवायची. तिच्या टोकाला छोटा फुगा असतो, तो नळी धरून ठेवतो, आणि काही आठवड्यांत नळीभोवती वाट तयार होते. दुसरा, गाठ उघडून तिच्या कडा बाहेर वळवायच्या आणि कातडीला शिवून टाकायच्या, म्हणजे तोंड उघडं राहतं. तिसरा, सगळी ग्रंथीच काढायची. "पण ते मोठं काम. रक्त जातं, भरून यायला वेळ लागतो, नंतर कोरडेपणा राहू शकतो. बाकीचं काही चाललं नाही तरच. आणि तुम्ही चाळिशीच्या पुढच्या आहात, म्हणून मी एक बारीक तुकडा तपासायला पाठवणार. बहुतेक काही निघत नाही. पण बघायचं."

थोरलीनं तुकड्याचं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कशात लवकर बसता येईल?"

"बसायची एवढी घाई?"

"आमचा बसण्याचाच धंदा आहे," धाकटी म्हणाली.

"नळीत तर लगेच हिंडता-फिरता येतं. टोक आतच खोचून ठेवायचं."

"आत शेपूट ठेवून हिंडायचं?" थोरलीनं तोंड वाकडं केलं. नळीचा उपाय तिथंच बाद झाला. ती चित्रातल्या वळवलेल्या कडांकडं बघत राहिली. "म्हणजे काज," ती म्हणाली. "चीर द्यायची, कड शिवून टाकायची, भोक राहतं. शर्टाचं काज."

"तसंच समजा," डॉक्टरीणबाई खुशीत म्हणाल्या. आपलं म्हणणं पेशंटला इतकं पटकन कळलं की डॉक्टर लोक खूश होतात. थोरलीही खूश, धाकटीही खूश. घोटाळ्याचं बी तिथंच पडलं.

ऑपरेशन झालं, संध्याकाळी घरी सोडलं. गरम पाण्याच्या टबात दिवसातून काही वेळा बसा, सैल सुती कपडे घाला, वासाचा साबण लावू नका, जड उचलू नका, महिनाभर नवऱ्यापासून लांब राहा, ताप आला किंवा रक्त वाहिलं तर लगेच या. टाके काढायला यायला नको, ते आपोआप विरघळतील. बाकी सगळं दोघींनी नीट ऐकलं, फक्त विरघळणारा दोरा ही गोष्ट दोघींच्याही गळी उतरली नाही. दोरा विरघळला तर घराण्याचा धंदा बुडाला म्हणायचा. डॉक्टर लोक धीर द्यायला बोलतात असं काहीतरी, एवढंच त्यांनी धरलं.

नवऱ्याला दवाखान्यात सगळं कळलंच. कळल्यावर तो इतका लाजला की पाठीची गोष्ट पुढं चालवायचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं. "मणक्याजवळ काहीतरी होतं," तो भावाला म्हणाला, "आतल्या आत केलं. हल्ली आतल्या आतच करतात." धाकट्यानं मान डोलावली आणि फळी बदलायची का ते विचारलं.

आणि धाकटी मोठ्या मशीनवर बसली. दुसरं कोण बसणार?

थोरली वर कुशीवर पडून खालचा आवाज ऐकायची. मशीनच्या आवाजावरून तिला दिसायचं. आता सरळ शिवण. आता कोपरा आला, थांबली, घाबरली. पुढचे काही दिवस धाकटी प्रत्येक कोपऱ्यावर थांबत राहिली, आणि ते थांबणं थोरलीला कोणत्याही गोळीपेक्षा गुणकारी वाटत होतं. मग एका सकाळी ती कोपऱ्यावर थांबली नाही. वळली आणि सरळ गेली.

त्याच वेळी सासूबाई पाणी घेऊन आल्या होत्या. त्यांनीही ऐकलं. "चांगला हात बसलाय पोरीचा," त्या म्हणाल्या. मग गादीची चादर सारखी करत, मोठ्या मायेनं म्हणाल्या, "कर हो, कर आराम. मीही केला होता."

थोरलीनं पाणी प्यायलं नाही.

त्याच दुपारी तिला टोचायला लागलं. बसताना, उठताना, काहीतरी बारीक. स्वतःला दिसेल अशी ती जागा नाही, आरशानं नीट जमेना. नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. तो मणक्यापलीकडं यायला तयार नव्हता. धाकटीला हाक मारली.

धाकटीनं खिडकीचा पडदा अर्धा ओढला, उजेड राहील एवढाच, आणि माल तपासावा तशी तपासणी केली.

"झकास झालंय, वहिनी. काज एकदम गोल. फक्त शेपटं राहिलीत."

"बघ! तरीच टोचतंय. शिवतात चांगलं, पण फिनिशिंग नाही यांच्यात."

"विचारायचं का डॉक्टरांना?"

"शेपूट कापायला काय विचारायचं? काप. बुडाशी काप, नाहीतर परत टोचेल."

धाकटीनं कात्री पाण्यात खळखळ उकळली. तेवढं भान होतं. मग नेहमीच्या सराईत हातानं कट, कट, शेपटं बुडापासून गाठींसकट उडवली. दुखलं नाही. टोचायचं थांबलं. दोघींनी चहा घेतला, सभागृहवाल्याच्या टकलावरून थोडं हसल्या, आणि जावाजावांच्या त्या घरात इतका गोड तास त्याआधी कधी गेला नव्हता.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाई आधी हसतमुख होत्या. तुकड्याचा अहवाल आला होता, काही वाईट नव्हतं. थोरलीनं श्वास सोडला. मग त्यांनी तपासायला घेतलं आणि हसू गेलं.

"एका बाजूनं तोंड बुजत आलंय. कडा आत वळल्यात." त्या वाकून बघत राहिल्या. "हे टाके कुणी कापले?"

टेबलावर पडल्या पडल्या थोरलीचं डोकं चालायला लागलं. तिचं डोकं आडवं पडल्यावर जास्त चालायचं. तोंड बुजलं म्हणजे अजून काही आठवडे. त्या आठवड्यांत खाली खुर्चीवर कोण? या कापण्यात तोटा कुणाचा आणि फायदा कुणाचा? बेरीज तर सरळ होती. घरी नुसतं एवढं म्हटलं असतं की धाकटीनं टाके कापले, तर सासूबाई, नवरा, दीर, सगळे त्या बेरजेशी येऊन उभे राहिले असते, आणि धाकटी त्या खुर्चीजवळ पुन्हा फिरकली नसती. तिनं मान वळवून पडद्याशी उभ्या धाकटीकडं बघितलं. धाकटी गप्प राहिली असती तर काय समजायचं ते समजता आलं असतं. टाके आपोआप सुटले म्हणायलाही जागा होती.

"मी कापले," धाकटी म्हणाली. "शेपटं दिसत होती."

"दिसू देत ना! अहो, ती शेपटं नव्हती, गाठी होत्या. त्यांनीच कड बाहेर धरून ठेवली होती!"

"आम्हाला वाटलं, काजाला..."

"काज कापडाला करतात. कापड एकदा कापलं की कापलेलंच राहतं. शरीर तसं नाही. ते दिवसरात्र स्वतःला शिवत बसतं. त्यानं शिवू नये म्हणून तर मी ते टाके घातले होते."

धाकटीचा हात गळ्यातल्या नाडीकडं गेला आणि तिनं तो खाली घेतला.

"तिला बोलू नका," थोरली टेबलावरून म्हणाली. "मी सांगितलं कापायला. ती विचारूया म्हणत होती. बुडाशी काप म्हणूनही मीच सांगितलं."

डॉक्टरीणबाईंनी दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं, खुर्चीत बसल्या आणि कपाळ चोळलं. "तुम्ही काज म्हणालात तेव्हा मी तसंच समजा म्हटलं. तिथंच थांबवायला हवं होतं. असो. पुन्हा कापाकापी नको. तोंड पुरतं बुजलेलं नाही, जागा बधिर करून नळी ठेवते. काही आठवडे."

"शेपूटवाली?"

"शेपूटवाली. आणि त्या शेपटाला कुणी हात लावायचा नाही."

नळी बसली. घरी परतताना दोघी सावकाश चालल्या. नवरा पुढं चालत होता, आपण यांच्यातले नाही असा. रस्त्याकडेच्या एका दुकानात काचेआड त्यांच्याच कारखान्यातली गवसणी घातलेली खुर्ची होती. धाकटीनं सवयीनं तिची शिवण बघितली आणि मग म्हणाली,

"वहिनी, एक विचारू? तुम्हाला वाटलं ना, मी मुद्दाम केलं?"

"वाटलं."

"मग?"

"मग काय? मी असते तर मुद्दामच केलं असतं. तुझ्यात तेवढी अक्कल नाही."

धाकटी थोडी थांबली. "अक्कल आहे हो. सुचलं नाही, एवढंच."

थोरलीला हसू आलं, आणि हसल्यावर नळी जाणवली, म्हणून तिनं ते अर्ध्यावर आवरलं.

नळीचा पहिला आठवडा थोरली वैतागलेली होती. मग सवय झाली. गरम पाण्यात बसायची, जिना सावकाश उतरायची, कारखान्यात थोडा वेळ उभी राहून यायची. धाकटी तिला बघून उठायची आणि थोरली हातानंच बस म्हणायची. हे बस म्हणताना तिला काय वाटायचं ते तिच्या तोंडावर दिसत नसे. तिनं मशीनच्या मागं उभं राहून धाकटीला जाड कडेवर पायडलवरचा पाय कसा सैल सोडायचा ते दाखवलं. ही गोष्ट तिनं आजवर कुणाला दाखवली नव्हती, आणि सासूबाईंनी तिला दाखवली नव्हती. ती चोरून शिकली होती. सभागृहाच्या खुर्च्या वेळेत गेल्या. एकाही खुर्चीला शेपूट नव्हतं, कारण धाकटी शिवून झाल्यावर स्वतःच तपासायची आणि संध्याकाळपर्यंत दोन माणसांचं काम करून बसायची.

ठरलेल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी फुगा सोडून नळी काढली. वाट उघडी राहिली होती. "आता कधीच येणार नाही असं मी लिहून देणार नाही," त्या म्हणाल्या. "या उपायांनंतरही काहींना परत येते. पण आली तर आता वाटाण्याएवढी असतानाच या. लिंबाची वाट बघू नका. काम सुरू करा, काही हरकत नाही."

नवरा बाहेर बाकावर बसला होता, भिंतीवरचं लहान मुलांच्या लसींचं चित्र अतिशय लक्ष देऊन वाचत.

दुसऱ्या दिवशी थोरली खाली आली आणि खुर्चीवर बसली. दोन्ही कुल्ल्यांवर. धाकटी तिच्या आधीच तपासणीच्या टेबलाशी उभी होती, कात्री हातात, चेहरा पुसलेल्या फळ्यासारखा. थोरला आणि धाकटा दोघेही मोकळे झाल्यासारखे दिसले; घरात प्रत्येक जण आपल्या जागी असला की पुरुषांना विचार करावा लागत नाही. धाकटीच्या उंचीला खुर्ची बरीच खाली आली होती. थोरलीनं ती वर केली नाही. थोडं वाकून शिवत राहिली, जेवणापर्यंत. कुठं दुखलं नाही, टोचलं नाही, गाठीची आठवणही झाली नाही. खुर्ची तिची होती आणि तिच्याकडून ती घ्यायला कुणी येत नव्हतं.

जेवणानंतर ती परत बसली नाही. तपासणीच्या टेबलाशी गेली आणि धाकटीच्या गळ्यातली नाडी काढून स्वतःच्या गळ्यात घातली.

"जा, बस."

"का? दुखतंय?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. दुपारनंतर बसायचं नाही."

नवऱ्यानं कापता कापता मान वर केली. "कधी सांगितलं?"

"तुम्ही बाहेर होतात."

"मग किती दिवस बसायचं नाही?"

"ते विचारायला तुम्ही जा," थोरली म्हणाली. "सगळं नीट समजावून सांगतात त्या. चित्र काढून."

नवऱ्याची कात्री पुन्हा रेक्झीनमधून चालू लागली. धाकटी हळूच जाऊन खुर्चीवर बसली. मग तिनं सुई खाली घेतली.

जिन्याच्या पायरीवर सासूबाई होत्या. त्या कधी येऊन बसल्या होत्या ते कुणाला कळलं नव्हतं. हल्ली त्यांचं येणं-जाणं असंच असायचं. त्यांनी थोरलीला जवळ बोलावलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "डॉक्टरांनी सांगितलं म्हणतेस?"

"हो, आई."

"दुपारनंतर नाही, असं?"

"असं."

सासूबाई बराच वेळ मशीनवरच्या पाठीकडं बघत राहिल्या. "बरी डॉक्टर मिळाली तुला," त्या म्हणाल्या. "मला नाही मिळाली."

थोरली त्यांच्या शेजारी पायरीवर बसली, आणि दोघी धाकटीचा कोपरा कसा येतो ते ऐकत राहिल्या.